संस्थेचें दप्तर आणि पुढाऱ्याचें अंतःकरण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करावें, देवाचे उपकार मानावे आणि चार गोड शब्द बोलून खालीं बसावें, ही रूढ रीति आहे. आम्हांस नेमून दिलेला विषय मात्र रुक्ष आहे. संस्था नियमांनीं किती चालावी आणि माणसांनीं किती, याविषयीं विद्वानांनीं जे सिद्धांत मांडले आहेत त्यांचा आपल्या मंडळांच्या रोजच्या कारभारांत काय उपयोग, हें सांगण्याची आज्ञा झाली आहे. विषय रुक्ष खरा. परंतु संस्था बुडतात त्या बहुधा श्रद्धेच्या अभावीं बुडत नाहींत. श्रद्धा असते, पैसा असतो, राबणारे हातहि असतात. आणि तरीहि एखादें मंडळ पांचपंचवीस वर्षांत नांवापुरतें उरतें. तें असें कां होतें, याचा विचार पुढील पन्नास वर्षांच्या उंबरठ्यावर करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

हा प्रश्न आपल्या धर्मांत नवा नाहीं. निर्गमाच्या १८ व्या अध्यायांतील कथा आपणांस ठाऊक आहे. मोशे सकाळपासून सायंकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे तोडीत बसे आणि लोक ताटकळत उभे राहत. अशानें मोशेहि झिजेल आणि लोकहि झिजतील, हें त्याचा सासरा इथ्रो यानें ओळखलें. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर विश्वासू माणसें नेमावीं, सोपें तें खालींच मिटावें आणि अवघड तेवढें मोशेकडे यावें, असा सल्ला त्यानें दिला. सल्ला देणारा परका होता. मोशेनें तो मानला, यांतच मोशेचा मोठेपणा आहे.

दुसरें उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांतील ६ व्या अध्यायाचें. यरुशलेमच्या पहिल्या मंडळींत रोज अन्नवांटप होत असे. त्यांत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते, अशी कुरकुर उठली. प्रेषितांनीं ती दडपली नाहीं. कुरकुर करणारांस अश्रद्धहि म्हटलें नाहीं. त्यांनीं सर्वांस एकत्र बोलाविलें, चांगल्या नांवाचे सात पुरुष लोकांनींच निवडावे असें सांगितलें, आणि त्यांच्यावर हात ठेवून तें काम त्यांस सोंपविलें. त्या सातांचीं नांवें वाचून पाहावीं. तीं सर्व ग्रीक आहेत. ज्यांची आबाळ झाली, त्यांची भाषा बोलणारांच्याच हातीं भांडार दिलें गेलें असें दिसतें. तक्रार ऐकणें, कामाची वांटणी करणें, माणसें निवडणें आणि अधिकार देणें या चारहि गोष्टी त्या एका प्रसंगांत आल्या आहेत.

आधुनिक काळांत या प्रश्नाचा फार खोल विचार ज्यानें केला तो जर्मन पंडित माक्स वेबर (१८६४-१९२०). तो केवळ पुस्तकी पंडित नव्हता. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं हायडेलबर्ग भागांतील लष्करी इस्पितळांची व्यवस्था त्यानें स्वतः पाहिली होती. लोक एखाद्याची आज्ञा कां मानतात, या साध्या प्रश्नापासून तो आरंभ करतो आणि तीन उत्तरें देतो.

पहिलें उत्तर, पूर्वापार चालत आलें म्हणून. आपल्या गांवचे पाटील-कुळकर्णी हें याचें जवळचें उदाहरण. कुळकर्ण हें वतन होतें. बापाचें दप्तर मुलाकडे जाई, आणि दप्तर ज्याच्या घरांत त्याची सत्ता गांवांत. दुसरें उत्तर, त्या पुरुषाच्या अंगीं कांहीं असामान्य प्रसाद आहे अशी लोकांची श्रद्धा बसली म्हणून. या प्रसादास वेबर जें नांव देतो, तें त्यानें आपल्याच घरांतून नेलें आहे. 'कॅरिस्मा' म्हणजे कृपादान हा संत पॉल यांच्या पत्रांतील शब्द. ख्रिस्तसभेच्या इतिहासाचा अभ्यासक रुडोल्फ सोम याच्याकडून तो आपणांस मिळाला, असें वेबर मोकळेपणीं सांगतो. तिसरें उत्तर, नियमानें तो अधिकार त्या पदास दिला आहे म्हणून. वतनें गेलीं आणि त्यांच्या जागीं पगारी, बदलीनें येणारे-जाणारे तलाठी आले, तेव्हां हा तिसरा प्रकार आपल्या गांवीं आला. सातबारा तलाठ्याच्या घरचा नव्हे. माणूस बदलला तरी आपलें शेत कागदावर जागचें हालत नाहीं.

या तिसऱ्या प्रकारास नोकरशाही म्हणतात. आपल्याकडे हा शब्द बहुधा शिवी म्हणूनच उच्चारला जातो. वेबरच्या लेखणींत तो शिवी नव्हता. प्रत्येकाच्या कामाची मर्यादा ठरलेली असावी, वरिष्ठ-कनिष्ठांची पायरी स्पष्ट असावी, कारभार लेखी असावा, पदावर माणूस लायकीनें यावा, नियम सर्वांस सारखा लागावा, आणि पदाचे पैसे व कागद घरच्या पैशांपासून व कागदांपासून वेगळे असावे, हीं त्याचीं मुख्य लक्षणें. यांत शिवी देण्याजोगें काय आहे? गरीब मनुष्यास तर याचाच आधार असतो. ज्याची ओळख नाहीं, वशिला नाहीं, त्याला न्याय मिळावयाचा तो नियमाकडूनच.

ख्रिस्तसभेनें हें फार पूर्वीं ओळखलें. १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें असा ठराव केला कीं, प्रत्येक धर्मगुरूनें विवाहाची वही ठेवावी आणि तींत वधूवरांचीं व साक्षीदारांचीं नांवें, दिवस व स्थळ लिहावें. गुपचुप लग्न लावून पुढें तें नाकारणाऱ्या पुरुषांमुळें ज्या स्त्रिया उघड्यावर पडत, त्यांचें रक्षण त्या वहीनें झालें. आजहि चर्चच्या कपाटांतील स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या वह्या उघडून पाहाव्या. श्रीमंत आणि मजूर यांचीं नांवें तेथें एकाच शाईनें, एकाखालीं एक लिहिलेलीं असतात.

याच्या उलट बाजूची एक हकीकत सांगतों. आमच्या तरुणपणीं एका गांवीं एक साहाय्यक निधि होता. एका सज्जनानें तो उभा केला आणि एकट्यानेंच वाढविला. कोणाच्या घरीं आजारपण आलें तर तो रात्रीं-बेरात्रीं जाऊन पैसे ठेवून येई. रोजकीर्द नाहीं, खतावणी नाहीं, सभेचें इतिवृत्त नाहीं; सारें त्याच्या डोक्यांत आणि कांहीं सदऱ्याच्या खिशांतील चिठोऱ्यांवर. कोणी हिशेब विचारणें म्हणजे देवमाणसावर संशय घेणें, असें सर्वांस वाटे, आम्हांसहि वाटे. एके दिवशीं तो अकस्मात् वारला. कोणाचें देणें, कोणाचें घेणें, कांहींच उलगडेना. ज्यांनीं घेतले होते ते गप्प राहिले आणि ज्यांनीं ठेवले होते ते त्याच्या विधवेच्या दारीं उभे राहिले. ज्या माणसानें एक पैहि खाल्ली नसेल, त्याच्या नांवाची दोन वर्षें गांवभर चर्चा झाली. निधि बुडाला, पण त्याहून वाईट हें कीं, एका प्रामाणिक मनुष्याची अब्रू राखण्यास एकहि कागद पुढें आला नाहीं. हिशेब मागणें हा अविश्वास नाहीं, हें आम्ही त्या वेळीं शिकलों. तो मागावयास हवा होता त्या सज्जनासाठींच.

आतां प्रसादसंपन्न पुढारी आणि नियम यांची गांठ कशी पडते, याचें इतिहासांतील एक उत्तम उदाहरण घेऊं. आसिसीकर संत फ्रान्सिस १२०९ च्या सुमारास मूठभर सोबत्यांसह रोमला गेले आणि पोप ३ रे इनोसंट यांनीं त्यांच्या जीवनक्रमास तोंडी संमति दिली. मूठभर माणसांस तोंडी संमति पुरते. दहा वर्षांत बंधूंची संख्या हजारांवर गेली, ते अनेक देशांत पसरले, आणि प्रत्येकजण आपापल्या समजुतीनें वागूं लागला. १२२० सालीं पूर्वेकडील प्रवासाहून परतल्यावर फ्रान्सिस यांनीं कारभार दुसऱ्याच्या हातीं दिला आणि आपण त्याच्या आज्ञेंत राहूं लागले. २९ नोव्हेंबर १२२३ रोजीं पोप ३ रे होनोरियस यांनीं लेखी नियमावलीस मान्यता दिली. फ्रान्सिस १२२६ सालीं निवर्तले. ज्या पुरुषाच्या शब्दावर हजारों माणसें घर सोडीत होतीं, त्यानें जिवंतपणींच आपला अधिकार खालीं ठेवला आणि आपल्या मागें एक नियम ठेवला. वेबर ज्यास प्रसादाचें नित्यव्यवहारांत उतरणें म्हणतो, तें हेंच.

परंतु कथा येथें संपत नाहीं. १२३२ सालीं बंधु एलियास प्रमुख झाले. कर्तबगारींत त्यांचा हात धरणारा विरळा. आसिसीच्या भव्य मंदिराचें बांधकाम त्यांच्याच देखरेखीखालीं चालें. पण त्यांनीं सात वर्षें संघाची सर्वसाधारण सभाच बोलाविली नाहीं. वरून तपासनीस जात, हुकूम जात. खालून कोणाचा आवाज येण्यास वाट नव्हती. अखेर १२३९ सालीं पोप ९ वे ग्रेगरी यांच्या समक्ष त्यांस पदावरून दूर व्हावें लागलें. त्यानंतर प्रमुखाच्या सत्तेस नियमांनीं आळा घालण्यांत आला. पुढें १२५७ सालीं संत बोनाव्हेंतुरा प्रमुख झाले. १२६० सालीं नार्बोन येथील सभेंत विखुरलेले ठराव एकत्र करून व्यवस्थित घटना तयार झाली. आणि त्याच सभेच्या सांगण्यावरून बोनाव्हेंतुरा यांनीं संस्थापकाचें चरित्र लिहावयास घेतलें. एकाच हातानें घटना आणि चरित्र! संस्थेस दोन्ही लागतात: कसें वागावें तें सांगणारी घटना, आणि कशासाठीं वागावें तें सांगणारें चरित्र.

दप्तराचे गुण सांगितले. आतां त्याचा रोग. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यानें १९४० सालीं एका निबंधांत हा रोग नेमका दाखविला. नियम हें साधन असतें. पण रोज नियम पाळण्याची शिस्त लागली कीं, हळूहळू साधनच साध्य होऊन बसतें. कारकून मनानें दुष्ट नसतो. तो चांगला कारकून असतो, आणि म्हणूनच समोरचा माणूस त्याला दिसेनासा होतो.

हा रोग दुसऱ्यांस होतो असें आपणांस वाटूं नये. तो आम्हांस झाला आहे. वर सांगितलेल्या अनुभवानें शहाणे होऊन आम्ही पुढें दुसऱ्या एका साहाय्यक मंडळाचे चिटणीस झालों. अर्जाचा नमुना केला, विभागप्रमुखाच्या सहीची अट घातली, दर महिन्याच्या चौथ्या रविवारीं सभा ठेवली. दप्तर आरशासारखें लख्ख होतें. एका मंगळवारीं एक विधवा बाई आली. मुलाच्या परीक्षेची फी भरावयाची मुदत शुक्रवारीं संपत होती. आम्ही अर्ज घेतला, पोंच दिली, आणि सभा चौथ्या रविवारीं आहे असें सांगितलें. बाई कांहीं बोलली नाहीं. पोंच पदरांत बांधून निघून गेली. चौथ्या रविवारीं अर्ज एकमतानें मंजूर झाला. पैसे देण्यास आम्ही स्वतः तिच्या घरीं गेलों, तेव्हां मुलगा वीटभट्टीवर कामास गेला होता. आमचा नियम मोडला नाहीं. मुलाचें वर्ष मात्र मोडलें. तो पुन्हां शाळेंत गेला नाहीं.

या गोष्टीचें ओझें आम्ही अजून वाहत आहों. पुष्कळ दिवस आम्हांस वाटे कीं, सारे नियम जाळून टाकावे. पण तसें करणें म्हणजे पुन्हां चिठोऱ्यांच्या राज्यांत परत जाणें. शेवटीं मंडळानें एक लहान कलम घातलें: निकड असेल तेथें चिटणीस आणि खजिनदार या दोघांनीं मिळून ठराविक रकमेपर्यंत त्याच दिवशीं द्यावें, आणि पुढील सभेंत त्याचा खुलासा करावा. दयेला दार ठेवलें, आणि दाराशीं दोन साक्षीदार ठेवले. हें कलम आम्हांस आरंभींच कां सुचलें नाहीं? कारण नियम करतांना आम्ही हिशेबतपासनीस डोळ्यांपुढें ठेवला होता; ती बाई ठेवली नव्हती.

हें लहान कलम म्हणजे एका मोठ्या तत्त्वाचा लहानसा अंमल होय. पोप ११ वे पायस यांनीं १५ मे १९३१ च्या आपल्या विश्वपत्रांत तें तत्त्व सांगितलें: जें काम खालची लहान संस्था नीट करूं शकते, तें वरच्या मोठ्या संस्थेनें तिच्याकडून काढून घेणें हा अन्याय आहे, वरच्यानें खालच्यास साहाय्य करावें, त्याचा घांस घेऊं नये. याचा खरेपणा आपल्या किनाऱ्याशीं निगडित एका हकीकतींत दिसतो. संत इग्नेशियस लोयोला यांनीं २८ जून १५५३ रोजीं रोमहून संत फ्रान्सिस झेवियर यांस युरोपांत परत बोलावणारें पत्र लिहिलें. त्या वेळीं झेवियर हयात नव्हते. ३ डिसेंबर १५५२ रोजींच चीनच्या दारांतील एका बेटावर त्यांनीं देह ठेवला होता. रोम आणि गोवें यांमध्यें एवढें अंतर असतां प्रत्येक गोष्टीस रोमची परवानगी घ्यावी असा नियम असता, तर कोणतेंहि काम उभें राहिलें नसतें. म्हणूनच इग्नेशियस यांच्या घटनेंत, एवढी कडक आज्ञाधारकता असूनहि, स्थळ, काळ आणि व्यक्ति पाहून वागावें असें वारंवार बजावलें आहे. आज मोबाईलवरील निरोप क्षणांत पोंचतो. पण कार्यालयांतील खुर्ची आणि गरिबाचा उंबरठा यांतील अंतर अजून तेवढेंच आहे.

पुढाऱ्यांविषयींहि दोन शब्द. १९३९ च्या सुमारास अमेरिकेंत आयोवा येथें कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं दहा-अकरा वर्षांच्या मुलांचीं लहान लहान मंडळें करून एक प्रयोग केला. कांहीं मंडळांत पुढारी सर्व हुकूम स्वतः सोडी; कांहींत तो मुलांशीं विचारविनिमय करून काम ठरवी; कांहींत तो नुसता बसून राही. हुकमी पुढारी समोर असेपर्यंत काम झपाट्यानें होई. तो खोलीबाहेर जातांच काम थांबे. विचारानें चालणाऱ्या मंडळांत पुढारी गेला तरी मुलें काम करीत राहत. नुसता बसणारा तर सर्वांत मागें पडला. आपल्या युवकमंडळाच्या आणि गायनमंडळाच्या चालकांनीं ही कसोटी स्वतःस लावावी: आम्ही एक महिना आजारी पडलों, तर रविवारचें गायन होईल काय?

टेलिफोन कंपनीचा कारभार पाहणारा चेस्टर बार्नार्ड यानें १९३८ च्या आपल्या ग्रंथांत सांगितलें कीं, आज्ञेचें बळ ती देणाऱ्याच्या खुर्चींत नसतें; ती घेणाऱ्याच्या संमतींत असतें. स्वयंसेवकांच्या संस्थेंत तर हें शंभर हिश्श्यांनीं खरें. येथें कोणास पगार नाहीं. मन दुखावलें कीं माणूस भांडत नाहीं, नुसता येईनासा होतो. त्याचा राजीनामा कोणत्याहि दप्तरांत नोंदला जात नाहीं. आणि रॉबर्ट मिशेल्स यानें १९११ सालीं दिलेली सूचनाहि विसरूं नये. लोकशाहीच्या नांवानें निघालेल्या पक्षांतहि कारभार हळूहळू चार जणांच्या हातीं जातो, कारण कागद, माहिती आणि संवय त्यांच्याकडेच सांचत जाते. हे चौघे वाईट असतात असें नाहीं. ते फक्त फार दिवस बसलेले असतात.

आतां या सर्वांचें सार व्यवहाराच्या भाषेंत मांडतों. पहिलें, प्रत्येक सभेचें इतिवृत्त त्याच आठवड्यांत लिहावें. मोबाईलवर ठरलेली गोष्ट वहींत येईपर्यंत ठरली असें मानूं नये. दुसरें, पैसा दोन सह्यांशिवाय हलूं नये, आणि वर्षाचा जमाखर्च चर्चच्या फलकावर लागावा. १९८३ च्या धर्मसंहितेंत प्रत्येक धर्मग्रामास अर्थसमिति आवश्यक मानली आहे आणि श्रद्धावंतांनीं दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांस द्यावा असें सांगितलें आहे. तेव्हां हें कोणावर उपकार केल्यासारखें होणार नाहीं. तिसरें, पदाची मुदत ठरवावी, आणि जाणाऱ्यानें येणाऱ्यास दप्तर समक्ष समजावून द्यावें. चौथें, प्रत्येक नियमाशेजारीं निकडीचें एक कलम असावें. पांचवें, वर्षांतून एकदां अशी सभा घ्यावी कीं, जींत पदाधिकाऱ्यांनीं बोलूं नये, फक्त ऐकावें. आणि जे येईनासे झाले आहेत, त्यांस घरीं जाऊन बोलवावें.

अमेरिकेंतील टेलिफोन कंपनीच्याच नोकरींतून निवृत्त झालेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यानें १९७० सालीं एक लहान निबंध लिहून सांगितलें कीं, खरा पुढारी आधीं सेवक असतो आणि मग पुढारी होतो. जगास तो विचार नवा वाटला. आपणांस तो पवित्र गुरुवारच्या रात्रीं शिकविला गेला आहे. प्रभूनें त्या रात्रीं कमरेस रुमाल बांधला, भांड्यांत पाणी ओतलें आणि एकेकाचे पाय धुतले. पेत्राचेहि धुतले आणि यहूदाचेहि धुतले. कोणासहि वगळलें नाहीं, आणि प्रत्येकासमोर मात्र निरनिराळा वांकला. नियमाची समता आणि प्रेमाची जवळीक त्या एका कृतींत एकत्र आहेत.

ज्यांनीं पन्नास वर्षांपूर्वीं या धर्मग्रामाचीं पहिलीं पानें लिहिलीं, त्यांपैकीं बहुतेक आज मृतांच्या वहींत आहेत. त्यांनीं शाई वाळूं दिली नाहीं म्हणून आपण कोण, कोणाचे, कोठले, हें आज आपणांस सांगतां येतें. पुढील पन्नास वर्षांचीं पानें आपण लिहावयाचीं आहेत. तीं स्वच्छ असोत, तीं खरीं असोत. आणि एखाद्या मंगळवारीं कोणी बाई दाराशीं उभी राहिली, तर लेखणी खालीं ठेवून आधीं तिच्याकडे पाहण्याची बुद्धि देव आपणां सर्वांस देवो.